बिनबटाट्याचा नाताळ

अट्रॅक्टा किलकॉइनचं परस आणि आमचं परस यांच्यामध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे. मी लग्न होऊन क्लूनकॅरा गावात आले त्याच आठवड्यात तिने त्या भिंतीवरून फडक्यात गुंडाळलेला अर्धा गरम पाव माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुझ्या सासूचा पाव मी खाल्लाय. तू हा खा." तिथून आमचा शेजार सुरू झाला.

तोंडाची ती तिखट होती. हाताला मात्र अशी चव की नन्सच्या ज्या शाळेत तिने उभी हयात स्वयंपाक केला, तिथल्या मुली आज आज्या झाल्यात, तरी तिच्या मटणाच्या रश्श्याची आठवण काढतात. लग्न तिने केलं नाही. लोण्याच्या डेअरीतला एक माणूस बरीच वर्षं तिच्यासाठी थांबला होता म्हणे. पण आधी तिचे वडील अंथरुणाला खिळले, ते गेल्यावर आई. तोवर त्या माणसाने बालिमोटची मुलगी केली. त्याबद्दल अट्रॅक्टा कधी बोलली नाही. बोलायची ती भावाबद्दल.

मॅलकी तिचा एकुलता एक भाऊ, पाठचा. मिसरूड फुटायच्या आत इंग्लंडात लीड्सला गेला. रस्ते खणले, भुयारं खणली, दुसऱ्यांची घरं बांधली आणि स्वतः भाड्याच्या खोलीत राहिला. "दोन वर्षांत परत येतो," म्हणून गेला होता. सगळे तसेच सांगून जातात. पण नाताळ त्याने एकही चुकवला नाही. चर्चसमोर बस थांबायची, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन मॅलकी उतरायचा, आणि अख्खं गाव ओळखायचं की आता नाताळ आला.

त्या दिवसाचं टेबल मॅमीच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, वेळी होतं तसंच लागायचं. मधोमध टर्की, शेजारी हॅम. बटाटे तीन तऱ्हांचे: चरबीत भाजलेले, लोणी-दूध घालून कुस्करलेले आणि कांदा आणि सेजचा सुवासिक पाला घालून टर्कीच्या पोटात भरलेले. शेवटी पुडिंग. ते ऑक्टोबरातच उकडून ठेवायचं आणि दर रविवारी त्यावर चमचाभर व्हिस्की ओतायची. मॅमी गेली, पण भांड्यांच्या जागासुद्धा बदलल्या नाहीत. मॅलकी खुर्चीत बसायचा, टेबलावरून एकदा नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "हं. आलो घरी." मग काटा उचलायचा.

वडिलांचं तुम्हाला सांगायला हवं. त्यांना शुगर होती. त्या काळी आमच्याकडे या दुखण्याची कोणाला फारशी जाण नव्हती. एका नाताळानंतर दुसरा यायच्या आत सगळं झालं: आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. नंतर दृष्टी गेली. शेवटी शेवटी त्यांना दिवस की रात्र कळायचं नाही. खुर्चीत बसून तीन चमचे साखर घातलेला चहा मागायचे, आणि पोरगी द्यायची, कारण मागणाऱ्या आंधळ्या बापाला नाही कसं म्हणणार? जखम धुणं, पट्टी बदलणं, तो वास, सगळं अट्रॅक्टाने एकटीने केलं. मॅलकी तेव्हा इंग्लंडात होता. तो आला तो अंत्यविधीला. त्याला दिसला तो शवपेटीतला स्वच्छ दाढी केलेला चेहरा आणि छातीवर जपमाळ. पेटीचं खालचं अर्धं झाकण बंद होतं. काय काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

असं असताना एका सप्टेंबरात त्याचा फोन आला. मी तेव्हा तिच्याच स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसले होते. त्याचा आवाज एवढा मोठा की फोन मलाही ऐकू येत होता.

"अट्रॅक्टा, या वर्षी मी येत नाही."

"का? कोण मेलं?"

"कोणी नाही गं. डॉक्टर म्हणतात, शुगर निघाली. बटाटा बंद, पाव बंद, गोड बंद. मग मी येऊन तुझ्या टेबलापाशी बसून काय जपमाळ ओढू?"

अट्रॅक्टाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. मग ती म्हणाली, "तू ये. जेवणाचं माझ्यावर सोड."

"अगं, कशाला तुला उगाच खटाटोप—"

"मॅलकी किलकॉइन, तिकीट काढ."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "नाताळचं सगळं जेवण करायचं. एक बटाटा नाही, कणभर साखर नाही, चिमूटभर मैदा नाही. आणि त्याला चुकल्यासारखं वाटता कामा नये."

"कसं जमेल ते?"

"मला काय माहीत? जमवायचं."

त्या दिवसापासून तिच्या घराची प्रयोगशाळा झाली आणि आम्ही झालो तिचे उंदीर. माझा नवरा ईमन याला रोज संध्याकाळी भिंतीवरून काहीतरी वाडग्यात यायचं आणि ते रिकामं करून मत द्यावं लागायचं. पहिला प्रयोग फ्लॉवरचा. बटाट्याऐवजी फ्लॉवर उकडून कुस्करला, त्यात परतलेला केलचा पाला आणि पातीचा कांदा घातला, वर लोण्याचं तळं केलं. ईमनने एक घास घेतला आणि वाडग्यात बघत राहिला.

"काय आहे हे?"

"कोलकॅनन," मी म्हटलं. एरवी ते बटाट्यांचं करतात.

"हे त्या वाडग्याला माहीत आहे का?"

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "पाणी धरतो मेला," ती म्हणाली. "लापशी होते त्याची." मग तिने उकडणं सोडलं. फ्लॉवर भट्टीत कोरडा शेकायचा, फडक्यात घालून पीळ देऊन पाणी काढायचं, सेलेरीचा कंद थोडा मिसळायचा आणि सायीचं चीज घालून घोटायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला ईमनने मत दिलंच नाही, नुसता वाडगा पुढे केला. ते ऐकून तिचा चेहरा खुलला.

हॅलोविनला तिने जवसाचं पीठ आणि बदामाचं कूट घालून बेदाण्यांशिवायचा पाव केला. रीतीप्रमाणे आत अंगठी घातली. जिच्या तुकड्यात अंगठी निघेल तिचं वर्षभरात लग्न. सुरी लावताच पाव भसकन कोसळला, अंगठी घरंगळत कपाटाखाली गेली आणि मांजर तिच्या मागे. आम्ही दोघी पोट धरून हसलो. डोळे पुसत अट्रॅक्टा म्हणाली, "बघितलंस? माझ्या घरातून अंगठीसुद्धा पळ काढते."

पण ती हटली नाही. भाजक्या बटाट्यांच्या जागी तिने पिवळ्या सलगमाच्या फोडी बदकाच्या चरबीत भाजल्या. रंग सोन्यासारखा आला, चवही आली, पण कुरकुरीत काही होईनात. "राहू दे," ती शेवटी म्हणाली, "ते सलगमाच्या नशिबात नाही." पक्ष्याच्या पोटात भरायला फ्लॉवरचा चुरा लोण्यात तांबूस परतला, त्यात कांदा, सेज, अक्रोड आणि थोडा खिमा. ते असं जमलं की मी तिला म्हटलं, बटाट्यापेक्षा हेच बरं. पुडिंगला बदामाचं कूट आणि अंडी. मनुका म्हणजे निव्वळ साखर, म्हणून त्यांच्याऐवजी आंबट क्रॅनबेरी आणि संत्र्याची साल, कडक चहात आणि घोटभर व्हिस्कीत भिजवलेली. रस्सा मैद्याने दाट करायचा नाही, तर भाजलेला कांदा वाटून.

आणखी एक गोष्ट तिने केली. औषधाच्या दुकानातून रक्तातली साखर बघायचं छोटं यंत्र आणलं. तिला स्वतःला शुगर नव्हती. पण प्रत्येक पदार्थ खाऊन झाला की ती स्वतःचं बोट टोचून बघायची. डिसेंबर लागेपर्यंत तिच्या डाव्या हाताची बोटं टोचण्यांनी भरली होती. मी म्हटलं, "अगं, तुझ्या रक्तावरून त्याचं काय कळणार?"

"काहीतरी कळेल," ती म्हणाली. "काही न कळण्यापेक्षा बरं."

मॅलकी आला. वाळला होता, कोट खांद्यावर लोंबत होता. पण बाटली होती हातात.

नाताळच्या दिवशी रीतीप्रमाणे आम्ही दुपारचं आवरून त्यांच्याकडे गेलो. ते नुकतेच जेवून उठले होते. टेबल अजून तसंच होतं, आणि खरं सांगते, बघून कोणाला ओळखू आलं नसतं. तीच भांडी, त्याच जागा, तोच वास. पुडिंगवर ब्रँडी ओतून पेटवलेली निळी ज्योतसुद्धा झाली होती म्हणे. मॅलकी शेकोटीपाशी बसला होता.

"काय मॅलकी, जेवण कसं झालं?" ईमनने विचारलं.

"छान. छान झालं," मॅलकी म्हणाला. आणि जरा थांबून परत, "फारच छान झालं."

अट्रॅक्टा माझ्या कानाशी लागली. "सगळं खाल्लं त्याने. पण टेबलाशी बसताच जे म्हणतो ते म्हणाला नाही."

"काय?"

"काही नाही. विसरला असेल."

मग तिने ते यंत्र आणलं. "हात दे," ती त्याला म्हणाली.

"आता? अगं, माणसं बसलीयत—"

"माणसं कोण, हे दोघे तर आहेत. त्यांनी तर तीन महिने चाखलंय सगळं. दे हात."

त्याने हात पुढे केला. तिने बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, चष्मा नाकावर चढवून आकडा वाचला आणि तो विजयाने आम्हाला दाखवला. "बघा! एवढं जेवून उठलाय, आणि बघा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ईमनने टाळ्या वाजवल्या. मॅलकी हसला, शाळेत बाईंनी पुढे उभं केलेल्या मुलासारखा, आणि बोट तोंडात धरून आगीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या दिवशी, तो पॅकी डर्किनकडे टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती बघायला गेला. पॅकी त्याचा लहानपणचा मित्र. पॅकीची बायको ऊना म्हणजे भोळसट मनाची आणि भरल्या हाताची बाई. पुढ्यात आलेल्या माणसाला ती उपाशी उठू द्यायची नाही. तिने आदल्या दिवशीचे बटाटे लोण्यात परतून ताट भरून पुढे ठेवले. मॅलकीने ते खाल्लं. मग आणखी एक ताट. मग पुडिंगची फोड, आणि वर केक.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात ऊनानेच अट्रॅक्टाला सांगितलं, कौतुकाने. "अगं, मॅलकीला जेवताना बघून इतकं बरं वाटलं! माझे बटाटेच पुरले नाहीत."

अट्रॅक्टा दूध न घेताच घरी आली. मॅलकी मागच्या अंगणात तिच्यासाठी लाकडं फोडत होता. मी आमच्या बाजूला कोंबड्यांना दाणे टाकत होते. निघून जायला हवं होतं, पण पाय हलले नाहीत.

"काल किती खाल्लेस?"

"काय?"

"बटाटे. ऊनाकडे. किती खाल्लेस?"

मॅलकीने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "मोजले नाहीत. फादरकडे कबुली द्यायची असती तर मोजले असते."

"थट्टा करतोस? तीन महिने मी या चुलीपाशी मरतेय—"

"मी सांगितलं होतं का तुला? मी तर येत नाही म्हणालो होतो."

"तुझ्यासाठी केलं मी!"

"माहीत आहे माझ्यासाठी केलंस!" तो ओरडला. मग आवाज खाली आणला. "चवीला चांगलं होतं गं. चवीचं नाही काही. तिकडे वर्षभर मी एक म्हातारा दुखणेकरी असतो. डॉक्टर, गोळ्या, सुया. इथे चार दिवस मी मॅमीचा मॅलकी असतो. तेवढं एक होतं, तेही तू काढून घेतलंस. घरात पाऊल ठेवलं की तू माझ्याकडे बघतेस ते असं, जसं काही माझं प्रेतच आलंय दारात. चार माणसांत माझं बोट टोचलंस."

मला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. तिचा आवाज अगदी सपाट झाला.

"मग जा. ऊनाकडे जाऊन राहा. बटाट्यापायी पाय घालव, डोळे घालव. पण आंधळा होऊन माझ्या दारात येऊ नकोस. मी एकदा केलंय ते. परत करणार नाही."

मॅलकी तिच्याकडे बघत राहिला. "एकदा म्हणजे?"

ती वळून दाराकडे निघाली.

"अट्रॅक्टा, एकदा म्हणजे काय?"

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तो बराच वेळ तिथे उभा होता. मग त्याने उरलेली लाकडं फोडली, भिंतीला लावून नीट रचून ठेवली, आणि सकाळच्या बसने गेला. जायला अजून चार दिवस होते.

पुढच्या नाताळला तो आला नाही. कार्ड आलं, खाली नुसती सही. तिनेही कार्ड पाठवलं, नुसत्या सहीचं. मी म्हणायचे, "कर ना एक फोन." ती म्हणायची, "रागावून गेला तो. त्याने करावा." ऊनाशी तर ती चर्चच्या दारातसुद्धा बोलेना. ऊना बिचारी माझ्याकडे येऊन रडली. "मला कोणी सांगितलं होतं का, त्याला चालत नाही म्हणून? मी ताट वाढलं, एवढंच." खरंच होतं ते. तिला कोणीच सांगितलं नव्हतं, मॅलकीनेसुद्धा नाही.

दर ऑक्टोबरात अट्रॅक्टा बदामाचं पुडिंग मात्र करायची. "असू दे एखादं," म्हणायची. जानेवारीत ते भिंतीवरून आमच्याकडे यायचं. आम्ही खायचो आणि विषय काढायचो नाही. अशी चार पुडिंगं आम्ही खाल्ली.

पाचव्या वर्षी पुडिंगचं भांडं चुलीवर असतानाच लीड्सहून ख्रिस्टी लॅव्हन नावाच्या माणसाचा फोन आला. मॅलकीबरोबर काम केलेला, त्याच्याच घरात खालच्या खोलीत राहणारा. मॅलकीला पक्षाघाताचा झटका आला होता.

अट्रॅक्टाने उभ्या जन्मात समुद्र ओलांडला नव्हता. मॅलकी दरवर्षी बोलवायचा, "एकदा ये, बघ तरी मी कुठे राहतो," आणि ती म्हणायची, "घर कोण बघणार?" ईमनने आम्हा दोघींना बोटीवर सोडलं. वाटेत ती एकदाच बोलली. "डोळे गेले असतील का गं त्याचे?"

इस्पितळात तो उशांना टेकून पडला होता. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, वाचा गेलेली. अट्रॅक्टा त्याच्याशी बोलली नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंही नाही. आधी तिने पायथ्याशी जाऊन पांघरूण वर केलं. दोन्ही पावलं होती. दहाही बोटं होती. तिने ती हाताने चाचपून बघितली. मग पांघरूण नीट केलं आणि खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसली. त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. नजर शाबूत होती. त्याने तिला ओळखलं, एवढं मला नक्की दिसलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून बोलल्या. रक्तदाब आणि उभ्या जन्माच्या सिगरेटी यांनी घात केला. "साखर तर त्यांनी फार छान सांभाळली होती," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वयाच्या माणसांत असं फार कमी बघायला मिळतं." अट्रॅक्टाने मान हलवली. काय ऐकलं ते तिच्या आत जायला वेळ लागत होता.

संध्याकाळी ख्रिस्टी आला. ठेंगणा, कान बहिरे झालेला, टोपी हातात धरून उभा. "तू अट्रॅक्टा. मला वाटलंच. फ्लॉवरवाली."

"काय?"

"अगं, चार वर्षं झाली, नाताळला आम्ही सगळे सडेफटिंग क्लबात एकत्र जेवतो. निम्म्यांना शुगर. मॅलकी फ्लॉवर करून आणायचा, मोठं पातेलं भरून. कोणी नाक मुरडलं की चिडायचा. 'माझ्या बहिणीची रीत आहे, गप खा,' म्हणायचा." तो जरा घुटमळला. "खरं सांगू का, लापशीच व्हायची. पण आम्ही खायचो."

"फडक्यात घालून पिळायचा असतो," अट्रॅक्टा म्हणाली. "पाणी धरतो तो." आणि उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले तेव्हा ती खिडकीपाशी भिंतीला डोकं टेकून उभी होती.

त्याला घरी आणलं. घरी म्हणजे टबरकरी रस्त्यावरच्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात. अट्रॅक्टाला एकटीला तो उचलता येण्यासारखा नव्हता. ती रोज सकाळी बसने जायची, दिवे लागता परत यायची. गिळायला त्रास व्हायचा, म्हणून त्याला सगळं गाळून, घोटून, चमच्याने. पहिल्याच दिवशी तिने बघितलं तर ताटलीत कुस्करलेला बटाटा. ती तडक सिस्टरकडे गेली.

"त्याला शुगर आहे. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

सिस्टर वयस्क होती. तिने अट्रॅक्टाला खुर्चीत बसवलं. "मिस किलकॉइन, आता तो जे गिळेल ते. जे गिळेल ते द्यायचं."

"म्हणजे आता काही फरक पडत नाही."

सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नाताळच्या सकाळी तिने बटाटे उकडले. साली काढून गरम गरम चाळणीतून दाबून घेतले. पातीचा कांदा दुधात उकळून नुसता त्याचा वास दुधाला लावला आणि कांदा गाळून टाकला, म्हणजे त्याच्या घशात अडकायला नको. लोणी हात न आखडता घातलं. सगळं शाली-टॉवेलांत गुंडाळून ईमनच्या गाडीतून घेऊन गेलो. मॅलकीने पहिला चमचा घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग गिळला आणि डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला. घशातून काहीतरी आवाज काढला. दोन-तीन आवाज, एकापुढे एक.

"काय म्हणाला?" तिने माझ्याकडे वळून विचारलं. "तुला कळलं?"

मला कळलं नाही. खोटं सांगावं असं मनात आलं, पण धीर झाला नाही.

मग चमचा चमचा भरवता भरवता ती त्याला वडिलांचं सांगायला लागली. बोट कसं काळं पडलं, तिथून. रोज पट्टी बदलताना ते लहान मुलासारखे कसे आईला हाका मारायचे, ते. खुर्ची उन्हात नेली तर विचारायचे, दिवा कोणी लावला. साखरेचा चहा तिने कसा दिला, आणि तो देताना तिला काय वाटायचं. "म्हणून मी तशी वागले," ती म्हणाली. "तुला आजारी करायला नाही. मी घाबरले होते रे. तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. तू दोनदा विचारलंस."

मॅलकी तिच्याकडे बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण झटक्यानंतर त्याच्या डोळ्यांतून एरवीही पाणी वाहायचं. त्याला किती समजलं, देव जाणे.

परतताना गाडीत ती म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं. शिवी दिली असती. मला रागावला असता, की अगं, एवढं एकटीने केलंस आणि मला कळवलं नाहीस? काहीतरी बोलला असता ना गं?"

"बोलला असता," मी म्हटलं.

"तेवढंच मला हवं होतं," ती म्हणाली.

ईस्टरच्या आधीच मॅलकी गेला. दफनानंतर घर माणसांनी भरलं. हॅमची सँडविचं, तऱ्हेतऱ्हेचे केक, चहाच्या किटल्या, सगळं गावाने आणलं, आपल्या रीतीप्रमाणे. ऊना डर्किन ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. आत येऊ की नको, तिला कळेना. अट्रॅक्टाने तिच्या हातून ट्रे घेतला. "थंडीत काय उभी आहेस? आत ये." मग जरा वेळाने, सगळ्यांच्या देखत, तिला विचारलं, "त्या दिवशी तुझ्याकडे खाताना तो काय बोलला गं?"

ऊना गोंधळली. "काही विशेष नाही. पॅकीशी घोड्यांबद्दल बोलत होता. हसत होता."

"हसत होता," अट्रॅक्टा म्हणाली, आणि चहा ओतायला गेली.

आता वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये ती शुगरवाल्यांच्या घरच्यांना नाताळचं जेवण शिकवते. आरोग्यकेंद्राच्या नर्सने फार गळ घातली म्हणून. आधी दोन वर्षं तिने नाहीच म्हटलं होतं. मी भाज्या चिरून द्यायला जाते. गेल्या वेळी एक तरुण बाई आली होती, नवऱ्यावर चिडलेली. "मी एवढं मरमर करते आणि हा गाडीत लपवून पाव खातो. मी तर परवा सांगितलं त्याला, पाय कापायची वेळ आली की माझ्याकडे येऊ नकोस."

अट्रॅक्टाचा हात थांबला. "तू घाबरलीयस का?" तिने विचारलं.

"मी? मी चिडलेय."

"घरी गेलीस की त्याला सांग तुला कसली भीती वाटते ते. आजच सांग. जेवण नंतर सुधारता येतं."

बाईने मान डोलावली, पण तिचं लक्ष पातेल्यात होतं. "हो, सांगते. बरं, पुडिंगला अंडी किती म्हणालात?"

"चार," अट्रॅक्टा म्हणाली, आणि बदामाचं कूट चाळायला लागली.